दम्याची गोळी सुरू झाल्यापासून लेकराचा स्वभाव बदलला – कुणाला असा अनुभव आहे का?

जुळेसोलापूर_आई | १५ नोव्हेंबर, रात्री ११:४८

नमस्कार. तीन-चार दिवस लिहू की नको करत होते. आज लिहितेच.

माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, पहिलीत. तिसऱ्या वर्षापासून त्याला दमा आहे. दरवर्षी पाऊस संपला की सुरू होतं, ते संक्रांतीपर्यंत चालतं. गळीत हंगामात पहाटे गच्चीवर काळी राख पडलेली दिसते, त्या दिवसांत तर छातीतली घरघर शेजारच्या खोलीत ऐकू येते. धाप लागली की घ्यायचा निळा पंप घरात कायम आहे. ऑगस्टमध्ये एका दवाखान्यात रोज रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली, चघळायची. पट्टीवर मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेट्रिझिन असं लिहिलंय. "तीन महिने द्या" म्हणाले. बाकी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पट्टी संपली की मेडिकलमधून पुढची आणायची, असं चाललं.

खोकला कमी झाला, हे खरं आहे.

पण सप्टेंबरपासून पोरगं बदललं. रात्री दोन-अडीचला किंचाळत उठतो. डोळे उघडे असतात, पण मला ओळखत नाही. कधी उठून रडतो आणि स्वप्न सांगतो, की पंखा खाली येतोय. आजोबांबरोबर रोज सकाळी चिमण्यांना तांदूळ टाकायचा, ते बंद झालं. बहिणीच्या दंडाला चावला. शाळेतून बाईंचा फोन आला की शेजारच्या मुलाची वही फाडली. आम्ही मोबाइल बंद केला. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. एकदा मी त्याला मारलंसुद्धा. ते आठवलं की आज पोटात कालवतं.

गेल्या महिन्यात भात कालवताना एकदम म्हणाला, "आई, मी मेलो तर तुम्हाला सगळ्यांना बरं वाटेल का?" साडेसहा वर्षांचं लेकरू.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीला माहेरी गेलो, बार्शीला. गोळ्यांची पट्टी सोलापुरातच राहिली. नऊ दिवस गोळी नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पोरगं रात्रभर झोपायला लागलं, मामाच्या मागे शेतात फिरायला लागलं. मला वाटलं, हवापालट झाली. शेवटचे दोन दिवस थोडा खोकला होता. घरी आल्यावर गोळी परत सुरू केली आणि तिसऱ्या रात्री पुन्हा किंकाळी.

नवरा म्हणतो योगायोग आहे. असेलही. पण कुणाच्या मुलाला असं झालंय का? गोळीने स्वभाव बदलतो का?

होटगीरोड | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, हीच गोळी अधूनमधून दोन वर्षं घेतेय. काहीही त्रास नाही. उलट गोळी नव्हती तेव्हा रात्री तीनदा उठायची आणि दिवसभर किरकिर करायची. झोप झाली नाही की कुठलंही मूल चिडतं. दमाच नीट आटोक्यात नसेल तुमच्याकडे. इंटरनेटवर वाचून औषधाला नावं ठेवणं बरोबर नाही, एवढंच म्हणतो.

औषधाचं_दुकान | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:३५

मी अशोक चौकाजवळ मेडिकल चालवतो, बावीस वर्षं झाली. ताईंनी इंटरनेटवर वाचून लिहिलेलं नाही, त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेलं लिहिलंय. आणि होय, ही गोष्ट औषधशास्त्रात नोंदलेली आहे.

मॉन्टेलुकास्टला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. दम्यात शरीर ल्युकोट्रीन नावाची द्रव्यं सोडतं, त्यामुळे श्वासनलिका सुजतात आणि आवळतात. ही गोळी त्या ल्युकोट्रीनला जागेवर बसू देत नाही. २००८-०९ च्या सुमारास तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध नियंत्रकांनी, मनावरच्या परिणामांची माहितीपत्रकात नोंद करायला लावली आणि ४ मार्च २०२० ला सगळ्यांत कडक, म्हणजे चौकटीतली सूचना द्यायला सांगितली. चिडचिड, आक्रमकपणा, भयानक स्वप्नं, झोपमोड, उदासी, आत्महत्येचे विचार, असं सगळं त्यात आहे. आधी मनाचा कुठलाही आजार नसलेल्यांतही हे आढळलं, असंही त्यात म्हटलंय. नुसत्या सौम्य ॲलर्जिक सर्दीसाठी, दुसऱ्या औषधाने भागत असेल तर ही गोळी देऊ नये, असंही त्याच वेळी सांगितलं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२४ मध्ये त्यांची सूचना आणखी ठळक केली.

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. ऋतू बदलला की माझ्या दुकानात दर चौथ्या-पाचव्या चिठ्ठीवर हे जोडऔषध असतं. सर्दी, शिंका, खोकला, कशालाही. लोक जुनी पट्टी दाखवून "हीच द्या" म्हणतात. मीही वर्षानुवर्षं दिली. गेली तीन-चार वर्षं मी आई-बापांना एक वाक्य सांगतो: "झोप किंवा स्वभाव बदलला तर डॉक्टरांना लगेच कळवा." कुणी घाबरून गोळी परत करत नाही. उलट बरं वाटतं त्यांना.

होटगीरोड साहेब, तुमच्या मुलीला त्रास नाही, हेही खरंच आहे. बहुतेक मुलांना होत नाही.

निवृत्त_पेठकर | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

आमच्या वेळी कोजागिरीच्या खिरीतून दम्याचं औषध द्यायचे, मृग लागला की पेठेतली कितीतरी माणसं हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जायची. रेल्वेत जागा मिळायची नाही. आताच्या मुलांना पंप आणि गोळ्या. पंपाची सवय लागते, एकदा लागला की सुटत नाही. गोळी बंद करा आणि पंपही हळूहळू सोडवा, असं माझं मत.

जुळेसोलापूर_आई | १६ नोव्हेंबर, दुपारी १:२०

काका, तुमचा आदर आहे, पण पंप सोडायचं मी मनातही आणलेलं नाही. तीन वर्षांचा असताना याचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत.

औषधाचं दुकान दादा, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. घाबरले, पण डोक्यावरून एक ओझं उतरल्यासारखंही झालं. म्हणजे पोरगं वाह्यात नाही.

पांढराकोट | १६ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

मी बालरोग विभागात काम करते. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याला हे गोळीमुळेच झालं असं म्हणू शकत नाही. पण गोळी सुटली तेव्हा त्रास थांबला आणि सुरू केल्यावर परत आला, ही तुम्ही सांगितलेली साखळी कुठलाही डॉक्टर गंभीरपणे घेईल. आणि त्याने मरणाबद्दल जे विचारलं, त्यासाठी अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. आजच, तुमच्या डॉक्टरांना फोन करून हे शब्द जसेच्या तसे सांगा. ते मिळाले नाहीत तर सिव्हिलला बालरोग विभागात या. रात्री-अपरात्री मन अस्वस्थ झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आई-बाबांनीही करावा.

आता औषधांबद्दल थोडं, कारण दम्याचं प्रत्येक औषध वेगळ्या रीतीने वागणुकीवर येतं आणि आई-बाबा सगळी एकाच माळेत ओवतात.

निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल. याने हात थरथरतात, छाती धडधडते, मूल तास-दोन तास एका जागी बसत नाही. उतरलं की संपलं. पंपापेक्षा याच औषधाचं पातळ सिरप दिलं तर हे जास्त होतं, कारण पोटातून जाताना डोस कितीतरी मोठा लागतो. म्हणून खोकल्याला म्हणून घरात उरलेलं ते सिरप मनाने पाजू नका.

अटॅक आल्यावर तीन ते पाच दिवस देतात ते प्रेडनिसोलोन. मूल हावऱ्यासारखं खातं, रात्री जागतं, चिडतं, मध्येच रडतं. कोर्स संपल्यावर काही दिवसांत निवळतं. अटॅकमध्ये हे औषध जीव वाचवतं, त्यामुळे तेवढे दिवस सोसायचे.

रोजचा स्टेरॉइडचा पंप, ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन. याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. क्वचित एखाद्या मुलात यानेही अस्वस्थता दिसते, नोंद आहे. पण दम्याचा पाया हेच औषध आहे, आणि लहान मुलांत दमा काबूत ठेवायला हे मॉन्टेलुकास्टपेक्षा जास्त प्रभावी आहे. लोक नेमकं यालाच घाबरतात आणि "नुसती गोळी द्या" म्हणतात. आम्हीही कधी कधी त्या आग्रहापुढे नमतो. मला हे कबूल करायला हवं.

मॉन्टेलुकास्टचा त्रास तसा तासाभरात येत-जात नाही. काहींना पहिल्या आठवड्यात, काहींना महिन्यांनी. बहुतेकांत गोळी थांबवल्यावर जातो, काही थोड्यांत रेंगाळतो. म्हणून "सुरुवातीला तर ठीक होता" यावरून गोळीला निर्दोष ठरवता येत नाही. सोबतचं लिव्होसेट्रिझिनही आहे, त्याने झोप येते, पण काही मुलं उलटी बेचैन होतात.

एक प्रामाणिक गोष्ट आणखी. मोठ्या अभ्यासांत याचं चित्र एकसारखं नाही. एफडीएनेच तपासलेल्या मोठ्या माहितीत मॉन्टेलुकास्ट घेणारे आणि स्टेरॉइडचा पंप घेणारे यांत मनाच्या आजारासाठी दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तरीही आई-वडिलांकडून, रुग्णांकडून आलेल्या नोंदी इतक्या होत्या की सूचना कडक केली. दाखल व्हावं लागणं वेगळं आणि घरात रोज रात्री लेकरू किंचाळणं वेगळं. दुसरी गोष्ट रुग्णालयाच्या नोंदीत येतच नाही.

निवृत्त काका, पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची लागते तशी गरज असते. आणि दम्याच्या म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांपासून फार सांभाळा, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. तिथे मात्रा किती, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

टॉवेल_एमआयडीसी | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मी अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात आहे. हे सगळं वाचून लै घाबरलो बघा. माझं पोरगं आठ वर्षांचं, तीच गोळी, आणि सकाळ-संध्याकाळ दोन झुरके पंप. रागीट तर हायच. मी आजपासून दोन्ही बंद करून टाकलं. बायको रडलालीय, पण नको ते औषध.

औषधाचं_दुकान | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१९

दादा, थांबा. पंप बंद करू नका. या धाग्यात पंपाबद्दल कुणीही तसं म्हटलेलं नाही. सकाळ-संध्याकाळचा म्हणजे तो स्टेरॉइडचाच असणार. आत्ता रात्रीचा डोस द्या.

पांढराकोट | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३१

टॉवेल दादा, हे वाचलंत तर लगेच उत्तर द्या. रोजचा पंप सोडला तर एक-दोन दिवस काही होत नाही, म्हणून माणूस फसतो. नंतर सूज वाढत जाते आणि एका रात्री अटॅक येतो. तुमच्या कारखान्यातली कापसाची धूळ कपड्यांवरून घरी येतेय, तेही डोक्यात ठेवा. घरी आलात की आधी कपडे बदला, मग पोराला जवळ घ्या.

गोळीबद्दल उद्या तुमच्या डॉक्टरांशी बोला. "रागीट आहे" एवढ्यावर काही ठरत नाही. आधीपासून रागीट होता की गोळीनंतर झाला, हा प्रश्न आहे.

टॉवेल_एमआयडीसी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०४

दिला पंप. बायकोनेच दिला. रागीट तर चालायला लागल्यापासून हाय, माझ्यावर गेलाय. झोप चांगली हाय. उद्या सुट्टी टाकून डॉक्टरांकडे जातो. माफ करा, नीट वाचलं नाही.

दुसरीच्या_बाई | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

मी शहरातल्या एका शाळेत दुसरीला शिकवते. हा धागा वाचून काल झोप लागली नाही. माझ्या वर्गात गेल्या वर्षी एक मुलगा होता, पहिले सहा महिने गोड, नंतर अचानक मारामाऱ्या. मी पालकांना तीनदा बोलावलं. "घरी लक्ष देत नाही तुम्ही" असं मी त्या आईला म्हटलं, सगळ्यांसमोर. त्याच्या दप्तरात पंप असायचा, हे मला माहीत होतं. कोणतं औषध चालू आहे, कधी बदललं, हे मात्र मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. त्याचं कारण औषधच होतं असं मी म्हणत नाही, मला माहीतच नाही. पण विचारायला हवं होतं.

पालकांना विनंती: औषध बदललं की वर्गशिक्षकांना डायरीत दोन ओळी लिहा. आम्ही मुलाला दिवसाचे पाच-सहा तास बघतो. घरी दिसत नाही ते आम्हाला दिसतं. आणि निळा पंप दप्तरात असू द्या, ऑफिसच्या कपाटात कुलपात नको.

विडीघरकुल_अक्का | १७ नोव्हेंबर, रात्री ८:५०

आमच्या घरी सासूबाई आणि मी विड्या वळतो. तंबाखूचं सूप मांडीवर आणि नात शेजारी अभ्यासाला. नातीला दमा आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, औषध कितीही दिलं तरी तंबाखूची धूळ नाकात जात राहिली तर काही उपयोग नाही. आम्ही आता विड्या अंगणात वळतो, पोर आत. उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंशाला अंगणात बसवत नाही, तेव्हा पहाटे पाचला बसतो. नातीचा निळा पंप महिन्याला एक लागायचा, आता तीन महिन्यांत एक संपत नाही.

गोळीचं मला कळत नाही, पण पंप कमी लागला तर गोळीही कमी लागेल, नाही का?

पांढराकोट | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

अक्का, अगदी बरोबर. निळा पंप महिन्याला एक संपणं ही धोक्याची खूण आहे, हे फार कमी लोकांना कळतं. तुम्हाला ते कळलं आणि तुम्ही घरातली बसायची जागा बदललीत.

होटगीरोड | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

माझं पहिलं उत्तर जरा तोडून लिहिलं होतं. काल रात्री मुलीला विचारलं, स्वप्नं पडतात का. म्हणाली, पडतात, पण शाळेची. बायकोलाही विचारलं, तिला काही बदल वाटत नाही. तर आमची गोळी चालू राहील, डॉक्टरही चालू ठेवा म्हणाले. पण दोन वर्षांत मी हा प्रश्न मुलीला पहिल्यांदा विचारला.

एक विचारायचं होतं. स्टेरॉइडच्या पंपाने उंची खुंटते म्हणतात. आम्ही त्यामुळेच पंपाऐवजी गोळी मागून घेतली होती.

पांढराकोट | १८ नोव्हेंबर, दुपारी २:१५

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत मुलांवर वर्षानुवर्षं चाललेला एक मोठा अभ्यास आहे, २०१२ मध्ये त्याचा मोठेपणीच्या उंचीचा निष्कर्ष आला. चार ते सहा वर्षं रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची उंची मोठेपणी सरासरी १.२ सेंमीने कमी भरली. फरक मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत पडला, पुढे वाढत गेला नाही. म्हणजे परिणाम आहे, नाही म्हणणार नाही. एका पारड्यात ते सव्वा सेंटीमीटर आणि दुसऱ्यात वारंवार अटॅक, शाळा बुडणं, तोंडाने घ्यावं लागणारं जास्त स्टेरॉइड. कमीत कमी मात्रेवर ठेवायचं आणि दर तीन महिन्यांनी मात्रा उतरवता येते का ते बघायचं, असं आम्ही करतो.

जुळेसोलापूर_आई | २० नोव्हेंबर, रात्री १०:३०

१६ तारखेलाच संध्याकाळी दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. जाताना वाटत होतं, "तुम्ही डॉक्टर आहात का" असं ऐकावं लागेल. मी वहीत तारखा लिहून नेल्या होत्या: गोळी कधी सुरू, पहिली किंकाळी कधी, बार्शीचे नऊ दिवस, परत कधी. डॉक्टरांनी वही हातात घेऊन शांतपणे वाचली. मग मला बाहेर बसवून मुलाशी वीस मिनिटं बोलले.

त्यांनी गोळी थांबवली. स्टेरॉइडचा पंप सकाळ-संध्याकाळ सुरू केला, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून. मला वाटत होतं आम्हाला पंप देता येतो. तीन वर्षं आम्ही थेट तोंडात मारत होतो, अर्धं औषध जिभेवर. स्पेसरला मास्क लावून एक झुरका, सावकाश पाच-सहा श्वास, मग दुसरा. नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरं येतं. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही.

मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. नवरा आधी कचरला, "लोक काय म्हणतील" म्हणाला. पण आला. त्या बाईंनी याला चित्र काढायला दिलं. याने पंखा काढला.

"गोळीमुळेच झालं असं मी सिद्ध करू शकणार नाही," असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. "पण ही गोळी याला परत द्यायची नाही, असं फाइलवर लिहितो." लाल पेनाने लिहिलं. मला तेवढं पुरे.

आधीच्या दवाखान्याबद्दल मनात राग आहे. एक वाक्य सांगितलं असतं तर माझ्या पोराने तीन महिने ते भोगलं नसतं, आणि मी त्याच्यावर हात उचलला नसता.

औषधाचं_दुकान | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:००

ताई, एक काम आणखी करा. आपल्या देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. रुग्ण किंवा पालकही थेट कळवू शकतात, १८००-१८०-३०२४ वर, पैसे पडत नाहीत. पट्टीवरचा बॅच क्रमांक जवळ ठेवा. सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नसते, संशय आहे एवढं कळवायचं. अमेरिकेतली सूचनाही अशाच एकेका घरातून गेलेल्या नोंदींवर उभी राहिली.

जुळेसोलापूर_आई | १७ जानेवारी, रात्री ९:२०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. नोंद केली, फोनवरच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं.

पहिला आठवडा तसाच गेला, दोन रात्री किंचाळला. दुसऱ्या आठवड्यात एकदा. डिसेंबरच्या मध्यापासून नाही. बहिणीशी भांडतो, पण भावंडांसारखं. पंख्याची भीती अजून आहे, थंडी असल्याने पंखा बंदच असतो, मार्चमध्ये कळेल. मरणाबद्दल परत बोलला नाही. मानसोपचाराच्या बाईंकडे पंधरा दिवसांनी जातो.

दमा म्हणाल तर नाताळात एकदा जोर झाला. निळ्या पंपावर भागलं, दाखल करावं लागलं नाही. परवा गड्ड्यावर, सिद्धेश्वरांच्या जत्रेत नेलं, संध्याकाळची गर्दी आणि धूळ टाळून दुपारी. पाळण्यात बसायचं नाही म्हणाला, मी आग्रह केला नाही. सिद्धेश्वरांच्या दर्शनाला उभं राहिलो तेव्हा आजोबांना म्हणाला, "उद्या चिमण्यांना तांदूळ नाही, बाजरी टाकू."

टॉवेल दादा, तुमचं काय झालं?

टॉवेल_एमआयडीसी | १७ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, लै बरं वाटलं वाचून. आमचं ठीक हाय. डॉक्टरांनी गोळी थांबवून बघितली महिनाभर, रागात काही फरक नाही, खोकलाही वाढला नाही. म्हणून गोळी बंदच ठेवली, गरजच नव्हती म्हणाले. पंप चालू. मी कारखान्यातून आल्यावर आंघोळ करूनच घरात शिरतो. राग माझाच हाय त्याच्यात, त्याला औषध नाही.

बार्शीची_लेक | २ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४०

आज हा धागा सापडला. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला आजच ही गोळी लिहून दिलीय. पट्टी समोर आहे. रोजचा पंप आधीपासून आहे, तरी रात्रीचा खोकला जात नाही म्हणून जोडीला दिली. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले असं क्वचित होतं, लक्ष ठेवा. आता देऊ की नको, हात थांबलाय.

जुळेसोलापूर_आई | २ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१५

ताई, डॉक्टरांनी विचार करून दिलीय आणि तुम्हाला लक्ष ठेवायला सांगितलंय. माझ्या वेळी यातलं काहीच झालं नव्हतं. माझ्या मुलाला झालं म्हणून तुमच्या लेकीला होईल असं नाही, वर होटगीरोड दादांचं वाचा.

देण्याआधी एक करा. आज रात्री वही घ्या आणि ती आत्ता कशी आहे ते लिहा. किती वाजता झोपते, रात्री किती वेळा उठते, कशाने रडते, कुणाशी खेळते, काय खाते. माझ्याकडे गोळीच्या आधीचं काहीच लिहिलेलं नव्हतं, सगळं आठवून सांगावं लागलं. मग रोज दोन ओळी. तिच्या बाईंनाही सांगून ठेवा. काही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पंप मात्र चालू.

बार्शीत कुठे राहता? माझं माहेर भगवंत मंदिराच्या मागे आहे. वही उघडून बसलात आणि काय लिहावं सुचलं नाही तर मला निरोप टाका, मी माझ्या वहीची पानं फोटो काढून पाठवते.